भट्टीजवळची वायर पुन्हा पुन्हा का जळते, आणि कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या शॉपमध्ये एसजी आयर्नच्या (एक प्रकारच्या ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगना अॅनिलिंग (तापवून सावकाश थंड करून मऊ करणे) करणारी विजेवरची भट्टी आहे. तीन फेज, ६० किलोवॅट, आतले तापमान ९०० अंश सेल्सिअस. भट्टीच्या मागे हीटरच्या टोकांना जोडलेली २५ स्क्वेअर एमएमची वायर दोन-तीन महिन्यांत कडक होते आणि थिंबलपाशी (वायरच्या टोकाला बोल्टसाठी लावलेल्या धातूच्या टोपीपाशी) तुटते. आधी एचआर (जरा जास्त उष्णता सोसणारी पीव्हीसी) वायर होती, मग १८० अंशांची सिलिकॉन टाकली, तीही गेली. आता दुकानदार टेफ्लॉन घ्या म्हणतो आणि भाव ऐकून मालक वैतागले आहेत. शिवाय वायरिंग बदलल्यापासून कंट्रोलर तापमान कमी दाखवतोय, असा तुम्हाला संशय आहे.

टेफ्लॉनची ऑर्डर आधी थांबवा. टेफ्लॉन वाईट आहे म्हणून नव्हे. ती वायर ज्या जागी बसणार आहे त्या जागेचे तापमान तुमच्या पत्रात कुठेच नाही. भट्टीच्या आतले ९०० अंश तुम्ही दिलेत, पण वायर भट्टीच्या आत नाही. ती बाहेर, पत्र्याच्या पेटीत, टर्मिनल रॉडच्या टोकाला आहे. तिथे ११० अंश आहेत की २८०, यावर सगळे अवलंबून आहे. किर्लोस्करवाडी-पलूस पट्ट्यापासून कुपवाड-मिरजेपर्यंत भट्ट्यांची जी कामे मी केली, त्यांत वायर चुकीची निवडली गेली याचे सगळ्यात मोठे कारण हेच होते. जागेचा आकडा कुणी घेतलाच नव्हता.

वायरवर छापलेला आकडा कशाचा, हे आधी पक्के करू. ७० अंशांची पीव्हीसी म्हणजे आतले तांबे सतत ७० अंशांपर्यंत तापले तरी वरचे आवरण टिकेल अशी वायर. तांब्याचे तापमान दोन गोष्टींनी बनते: भोवतालची हवा आणि करंटमुळे तांब्यात तयार होणारी उष्णता. आपल्याकडे करंटचे तक्ते ४० अंशांच्या हवेवर काढलेले असतात. म्हणजे पीव्हीसीला स्वतः तापायला ३० अंशांची जागा मिळते. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत बाहेरच ४० होतात, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त आणि भट्टीच्या मागे ६० सहज. ६० अंशांच्या हवेत पीव्हीसीला तापायला फक्त १० अंश उरले. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून उरलेल्या जागेला मूळ जागेने भागून वर्गमूळ काढायचे: १० भागिले ३०, वर्गमूळ ०.५८. तक्त्यात १०० अँपिअर लिहिलेली वायर तिथे ५८ अँपिअरचीच राहिली. ९० अंशांची एक्सएलपीई (पीव्हीसीपेक्षा जास्त उष्णता सोसणारे प्लास्टिकचे आवरण) घेतली तर ३० भागिले ५०, वर्गमूळ ०.७७, म्हणजे ७७ अँपिअर. हे गणित मोबाइलवर होते. वायर घेण्याआधी करत जा.

आयुष्याचाही अंदाज ठेवा. इन्सुलेशन ठरलेल्या तापमानापेक्षा साधारण १० अंश जास्त गरम राहिले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. काटेकोर नियम नाही हा, पण मोटारच्या वाइंडिंगपासून केबलपर्यंत कामाला येतो. वायर लगेच जळत नाही, चालते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. मग वीस वर्षांचे आयुष्य कधी दोन वर्षांवर आले ते कळत नाही.

आता तुमच्या भट्टीकडे येऊ. ६० किलोवॅट, ४१५ व्होल्ट, म्हणजे लाइनला सुमारे ८३-८४ अँपिअर. २५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.७ मिलीओहम. एवढ्या करंटला ती वायर मीटरमागे जेमतेम ५ वॅट उष्णता तयार करते. गरम झाली की रेझिस्टन्स वाढतो, १५० अंशांना दीडपट होतो, तरी सात-साडेसात वॅट. मोकळ्या हवेत ही उष्णता निघून जाते. म्हणजे वायरची जाडी हा तुमचा दोष नाही. आता थिंबलचा जॉइंट धरा. बोल्ट ढिला आहे, रॉडवर काळा थर आहे, त्यामुळे तिथे ५ मिलीओहम आले. त्याच करंटला त्या अंगठ्याएवढ्या जागेत ३५ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची २५ वॅटची इस्त्री शिसे वितळवते. तुमच्या थिंबलला दिवसभर त्याहून मोठी इस्त्री चिकटलेली आहे असे समजा. तिथे कोणतेही इन्सुलेशन चढवा, नुसते जळण्याची तारीख पुढे जाईल.

म्हणून जळालेली वायर फेकू नका, टेबलावर ठेवून नीट बघा. थिंबलपासून वीतभरच जळाली असेल आणि पुढे वायर मऊ, ताजी असेल, तर उष्णता जॉइंटमधून किंवा टर्मिनल रॉडमधून आलेली आहे. पूर्ण लांबीभर सारखी कडक झाली असेल तर पेटीतली हवा गरम आहे किंवा लोड जास्त आहे. एकाच बाजूने, भट्टीकडच्या अंगाने, तडकली असेल तर भिंतीची झळ लागते आहे. तीनपैकी एकच टर्मिनल सारखे जळत असेल तर बहुधा जॉइंटच. फेजचा करंट टॉन्ग टेस्टरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) बघून खात्री करा. तुम्ही "थिंबलपाशी तुटते" लिहिले आहे, त्यावरून माझा पहिला संशय जॉइंटवर आणि दुसरा बंद पेटीवर.

तापमान कसे मोजायचे तेही सांगतो, कारण इथे जीव जाऊ शकतो. चालू टर्मिनलला थर्मोकपलचे (दोन धातूंच्या तारांच्या तापमान सेन्सरचे) टोक लावून हातातल्या मीटरवर वाचायला जाऊ नका, तो मीटर फेजला जोडला जातो. दोन सुरक्षित मार्ग आहेत. एक, रंग बदलणारे तापमानाचे स्टिकर. मेन बंद करून, कुलूप लावून, टेस्टरने खात्री करून थिंबलवर आणि वायरवर वीतभर अंतरावर चिकटवायचे. भट्टी पूर्ण चक्र चालू द्यायची आणि पुन्हा बंद करून वाचायचे. जास्तीत जास्त किती तापले ते त्यावर कायमचे उमटते. दुसरा मार्ग इन्फ्रारेड गनचा, पेटी उघडी ठेवून लांबून. पण चकचकीत थिंबलवर गन फार कमी आकडा दाखवते, २०० असताना ९० सुद्धा. त्या जागी आधी उष्णता सोसणारा काळा रंग किंवा ग्लास क्लॉथ टेपचा तुकडा लावून ठेवा आणि त्यावर नेम धरा. गनचा आकडा खरा मानून चुकीची वायर घेतलेले शॉप मी पाहिले आहेत.

आकडा काढायच्या आधीच दोन दुरुस्त्या करून घ्या. त्यांना खर्च जवळपास नाही.

पहिली, जॉइंट. टर्मिनल रॉड एमरी पेपरने चकचकीत करा. थिंबल क्रिम्पिंग केलेलेच हवे, सोल्डर केलेले नको. ६०-४० सोल्डर १९० अंशांच्या आतच पातळ होते आणि जोड सुटतो. साध्या तांब्याच्या थिंबलवर कथिलाचा मुलामा असतो, कथिल २३२ अंशांना वितळते. टर्मिनल त्याच्या जवळपास जात असेल तर निकेलचे थिंबल घ्या. क्रिम्पिंग मशीनची डाय त्या साइजचीच हवी. पक्कड मारून दाबलेले थिंबल पहिल्या उन्हाळ्यातच ढिले पडते. भट्टी रोज तापते आणि थंड होते, बोल्ट लांबतो-आखडतो, म्हणून नुसता स्प्रिंग वॉशर पुरत नाही. बशीच्या आकाराचा कोनिकल वॉशर स्टेनलेस बोल्टवर लावा. आणि आवळताना नेहमी दोन पाने (स्पॅनर) लावा, एक मागच्या नटला धरायला. एका पान्याने आवळले की रॉड आतल्या आत पिळतो, नायक्रोमचे एलिमेंट वेल्डिंगपाशी तडकते आणि तिथून नवी कटकट सुरू होते. पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा एकदा आवळा, मग महिन्याला.

दुसरी, मागची पेटी. आपल्याकडे फॅब्रिकेटर ही पेटी घट्ट बंद करून देतात, धूळ जाऊ नये म्हणून. आत हवा कोंडते आणि टर्मिनलची उष्णता जायला वाट राहत नाही. खाली आणि वर जाळीच्या खिडक्या पाडा, बोट जाणार नाही एवढ्याच. गरम हवा वरून निघते, गार हवा खालून येते. रॉड भिंतीतून बाहेर येतो त्या भोकात सिरॅमिक वूल व्यवस्थित ठासा, म्हणजे आतली झळ थेट पेटीत येणार नाही. मात्र बाहेर आलेल्या रॉडवर वूल गुंडाळू नका, ते टोक थंड व्हायलाच हवे. वूल हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

एवढे करून पुन्हा स्टिकर लावा. टर्मिनल पूर्वीपेक्षा बरेच खाली आलेले दिसेल, आणि मग वायर निवडायला अर्थ आहे.

सिलिकॉन रबर. मऊ, लवचिक, सगळीकडे मिळते. वायरवर १८० छापलेले असते. दिवसरात्र चालणाऱ्या कामाला मी १५० धरतो. जळाले तरी मागे पांढरी राख राहते, ती वीज वाहत नाही, त्यामुळे आगीतही काही वेळ सर्किट टिकते. पण याच्या उणिवा कुणी सांगत नाही. पत्र्याच्या धारेवर हे कागदासारखे चिरते, म्हणून पेटीच्या भोकात सिरॅमिक बुश किंवा ग्रोमेट पाहिजेच. तेलात ते फुगते. तुमच्याकडे भट्टीशेजारी क्वेंचिंग ऑइलची टाकी असेल तर तेलाचा धूर रोज वायरवर बसतो आहे, आणि सिलिकॉन अवेळी मेली त्याचे हेही कारण असू शकते. बोटाने दाबून बघा; फुगून चिकट झाली असेल तर तेल, कडक होऊन तडकली असेल तर उष्णता. वाफही तिला चालत नाही. साखर कारखान्यात पॅनजवळ, वाफेच्या लाइनला लागून सिलिकॉन टाकू नये. गरम वाफेत ते हळूहळू विरघळल्यासारखे होते. आणि बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) आसपास उंदीर. वर स्टेनलेसची जाळी किंवा फ्लेक्झिबल पाइप नसेल तर सिलिकॉन त्यांच्या दाताला मऊच.

टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई. २६० अंश, पण कधी? आतले तांबे निकेल प्लेटेड असेल तेव्हा. चांदीचा मुलामा असेल तर २०० च धरा. हा फरक दुकानात सहसा सांगत नाहीत आणि दोन्ही पांढऱ्याच दिसतात. एफईपी म्हणून जी मिळते ती २०० ची. टेफ्लॉनला तेल, वाफ, अॅसिड काही होत नाही, हा तिचा खरा गुण. म्हणून साखर कारखान्यात वाफेजवळच्या सेन्सरला, प्लेटिंग शॉपमध्ये, तेलाच्या टाकीतल्या हीटरला ती बिनधास्त वापरा. पण सतत दाब राहिला की ती हळूहळू सरकते, बारीक होते. क्लॅम्प फार आवळू नये, कोपऱ्यावर ताणू नये. आणि प्रमाणाबाहेर तापली, ३५०-४०० च्या पुढे, की तिचा धूर विषारी असतो. भट्टीच्या भोकाला लागून टाकू नका, आणि खरी की खोटी बघायला काडी लावून जाळू तर अजिबात नका. तुमच्या २५ स्क्वेअर एमएमला ती सहज मिळत नाही, मिळाली तर फार महाग. तुमच्या कामाला माझी पसंती तिला नाही.

फायबर ग्लास आणि अभ्रक. तांब्यावर अभ्रकाची पट्टी, तिच्यावर काचेच्या धाग्याची वीण. भट्टीच्या मागे ही खरी कामाची वायर. साध्या निकेल प्लेटेड तांब्यावर २६० पर्यंत निर्धास्त. जास्त हवे असेल तर २७ टक्के निकेल-क्लॅड (वर निकेलचे जाड आवरण असलेले) तांबे घ्यायचे, ती वायर ४५० अंशांपर्यंत चालते. त्याच्या वर शुद्ध निकेल. पण निकेलचा रेझिस्टन्स तांब्याच्या चौपट. तुमच्या ८४ अँपिअरला २५ एमएम निकेल मीटरमागे २० वॅट तापेल, म्हणजे साइज बरीच वाढवावी लागते. गरज नसताना निकेलच्या मागे लागू नका. काचेच्या वायरची दुबळी बाजू म्हणजे घासणे आणि ओल. हलणाऱ्या जागी तिचे धागे सुटतात. पावसाळ्यात भट्टी आठवडाभर बंद राहिली की वीण ओल धरते. सुरू करण्याआधी मेगर करा (मेगर मीटरने इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजा), वाचन कमी आले तर कमी व्होल्टेजवर किंवा हॅलोजनच्या उष्णतेने वाळवून घ्या. नवी वायर पहिल्यांदा तापताना थोडा धूर येतो, ते वरचे व्हार्निश असते, घाबरू नका.

नुसत्या तांब्याबद्दल थोडे. आवरण टिकले म्हणजे वायर टिकली असे नसते. उघडे तांबे १५०-२०० च्या वर हवेत काळे पडते, पापुद्रे सुटतात, तार बारीक होत जाते आणि शेवटी हाताने मोडते. केसासारख्या बारीक तारांची मऊ वायर गरम जागी लवकर मरते, कारण हवेला पृष्ठभाग जास्त मिळतो. भट्टीकडच्या टोकाला जाड तारांची, थोडी ताठ वायर घ्या. निकेल प्लेटिंगची परीक्षा सोपी आहे: ब्लेडने खरवडले की आत लाल तांबे दिसते, आणि लोहचुंबक चिकटत नाही. चुंबक घट्ट चिकटला तर ते शुद्ध निकेल किंवा लोखंड आहे, मग किंमत त्याप्रमाणे ठरवा.

आता माझे उत्तर. पॅनलपासून हीटरपर्यंत एकच वायर ओढायचा हट्ट सोडा. भट्टीच्या गरम भिंतीपासून मीटर-दीड मीटर बाजूला, जिथे हवा ५० च्या खाली राहते तिथे, बसबारची (जोडणीसाठीच्या तांब्याच्या पट्ट्यांची) छोटी पेटी बसवा. पॅनलपासून त्या पेटीपर्यंत ट्रेमधून एक्सएलपीई केबल, डीरेटिंगचा (गरम हवेत करंट कमी धरण्याचा) हिशेब धरून. पेटीपासून टर्मिनलपर्यंतचा मीटर-दीड मीटरचा तुकडा तेवढा अभ्रक-ग्लासचा, निकेल प्लेटेड तांब्याचा, आणि २५ ऐवजी ३५ स्क्वेअर एमएम. जाड तांबे टर्मिनलची उष्णता ओढूनही घेते, म्हणून पहिल्या फूटभरावर ग्लास फायबरची वेगळी स्लीव्ह चढवा. कनेक्टर पोर्सेलीनचे, बेकेलाइट किंवा नायलॉन त्या पेटीत नको. महाग वायर मग एकूण लांबीचा छोटासा भाग राहते, आणि पुढे कधी बदलायची झाली तर तेवढाच तुकडा बदलता. मालकांना हा हिशेब दाखवा.

याहून टिकाऊ मार्ग हवा असेल तर टर्मिनलपासून बसबारपर्यंत इन्सुलेशनच ठेवू नका. निकेल प्लेटेड तांब्याची विणलेली पट्टी, सिरॅमिक इन्सुलेटरच्या आधारावर, एकमेकींपासून नीट अंतर राखून. जे नाहीच ते जळत नाही. मोठ्या भट्ट्यांवर वर्षानुवर्षे हेच चालते. अट एकच, आणि ती न पाळता हे करू नका: पेटीला दार, दाराला इंटरलॉक, दार उघडले की मेन पडलीच पाहिजे. तुमच्याकडे पाळीला नवी पोरे असतात, त्यांच्या हातावर भरवसा ठेवून उघडे बसबार सोडायचे नाहीत.

एक गैरसमज सांगितलाच पाहिजे, कारण याने शॉपमध्ये आगी लागतात. दुकानात एफआर, एफआरएलएस असे लिहिलेली वायर "गरम जागेची" म्हणून खपवतात. एफआर म्हणजे आग वायरीवरून पुढे पसरत नाही, एलएस म्हणजे धूर कमी. वायर किती तापमानात काम करील याच्याशी त्या अक्षरांचा संबंध नाही. एफआरएलएस पीव्हीसी ७० अंशांचीच असू शकते. एचआर लिहिलेले असेल तर ८५. आणि फायर सर्व्हायव्हल केबल आगीत काही वेळ वीज चालू ठेवायला असते, फायर पंपासाठी, लिफ्टसाठी. रोज १५० अंशांत राहायला ती बनवलेली नाही. पत्रकावर "कंडक्टर ऑपरेटिंग टेंपरेचर" असा आकडा शोधा, त्याशिवाय विकत घेऊ नका.

आता तापमान कमी दाखवण्याचा तुमचा संशय. तो मला खरा वाटतो, आणि वायर जळण्यापेक्षा हे प्रकरण गंभीर आहे. तुमच्या भट्टीत के टाइप थर्मोकपल असणार. त्याच्या डोक्यापासून (भट्टीबाहेरच्या जोडणीच्या टोकापासून) कंट्रोलरपर्यंत कॉम्पेन्सेटिंग केबलच लागते, तिची धातू थर्मोकपलशी जुळणारी असते. वायरिंग बदलताना वायरमनने तिथे साधी दोन कोअरची तांब्याची वायर टाकली असेल तर डोक्याच्या आणि पॅनलच्या तापमानात जेवढा फरक तेवढे वाचन कमी येते. डोके ९० अंश, पॅनल ४०, म्हणजे ५० अंश कमी. कंट्रोलर ९०० दाखवतो तेव्हा भट्टी ९५० ला असते. कास्टिंगवर पापुद्रा वाढतो, पीस वाकतात, एलिमेंटचे आयुष्य घटते, टर्मिनलही जास्त तापते. कॉम्पेन्सेटिंग केबल बरोबर असून दोन्ही टोकांना उलटी जोडली असेल तर चूक दुप्पट, १०० अंश. एकाच टोकाला उलटी असेल तर भट्टी तापताना आकडा उतरतो, ते लगेच लक्षात येते. दोन्हीकडे उलटी असली की कळतच नाही.

रंगावर विसंबू नका. आयईसी पद्धतीत के ची धन तार हिरवी आणि ऋण पांढरी. अमेरिकन पद्धतीत धन पिवळी आणि ऋण लाल. आपला माणूस लाल म्हणजे प्लस समजतो आणि तिथेच घोटाळा होतो. चुंबक लावा: के थर्मोकपलच्या ज्या तारेला चुंबक चिकटतो ती अॅल्युमेल, म्हणजे ऋण. थर्मोकपलला आणि त्याच धातूच्या केएक्स केबलला ही खूण चालते. स्वस्त कॉम्पेन्सेटिंग केबल तांबे-कॉन्स्टंटनची असते, तिला चुंबक चिकटणार नाही. ती डोके १०० अंशांच्या आत असेल तरच वापरा. भट्टीवर मी केएक्सच घेतो, ग्लास फायबरवर स्टेनलेस जाळीची. तिला पॉवर केबलच्या ट्रेमध्ये टाकू नका, वेगळ्या लोखंडी पाइपातून न्या.

इतर जागांचे झटपट सांगतो, कारण असे प्रश्न नेहमी येतात. पावडर कोटिंगच्या ओव्हनला, २०० च्या आसपास, ओव्हनबाहेर सिलिकॉन पुरते. आतून जाणारा तुकडा ग्लासचा किंवा टेफ्लॉनचा. तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या खोल्यांत उष्णता फार नसते, पण तो वायू ओलीबरोबर तांबे खातो. तिथे उघडे तांबे ठेवू नका, कथिलाचा मुलामा असलेली तार आणि बंद ग्लॅंड वापरा. फाउंड्रीत ओतकामाजवळ वितळलेल्या धातूचे शिंतोडे उडतात, तिथे केबलच्या अंशांपेक्षा वरची सिलिकॉन चढवलेली जाड ग्लास स्लीव्ह महत्त्वाची. बॉयलरजवळ बऱ्याचदा केबल बदलण्यापेक्षा मध्ये चकचकीत पत्रा लावून दोन इंच हवा सोडली की काम भागते, झळ परत फिरते. जुन्या भट्ट्यांवर अॅस्बेस्टॉसची वीण असलेली वायर अजून सापडते. ती सुकी ओढू-तोडू नका, पाण्याने भिजवून, मास्क लावून काढा, पिशवीत बांधा, झाडूने झाडू नका. ती धूळ फुफ्फुसात बसते आणि परिणाम दिसायला वर्षे लागतात.

ऑर्डर देताना "हाय टेंपरेचर वायर, ३५ एमएम" एवढेच लिहिलेत तर दुकानदार त्याच्याकडे असेल ते देईल. असे लिहा: ३५ स्क्वेअर एमएम, निकेल प्लेटेड तांबे, अभ्रक पट्टी आणि ग्लास फायबर वीण, सतत २६० अंश, ११०० व्होल्ट ग्रेड, टेस्ट सर्टिफिकेटसह; सोबत त्याच मापाची निकेल थिंबल. स्टिकरचे वाचन २२० च्या वर आले तर याच ओळीत निकेल प्लेटेडच्या जागी २७ टक्के निकेल-क्लॅड आणि २६० च्या जागी ४५० करा. वाचन १३० च्या खाली आले आणि तेलाचा धूर नसेल, तर तुमच्याकडे पडून असलेली सिलिकॉनच पुन्हा वापरा, नवीन काही घेऊ नका. तिन्ही टर्मिनलचे आकडे आले की कळवा. एखादे टर्मिनल बाकी दोघांपेक्षा २०-३० अंश जास्त दिसले तर आधी तो जॉइंट पुन्हा उघडा, मगच ऑर्डर द्या.